सिद्रामअप्पा आणि मिशीवाले

सिद्रामअप्पा माझ्याशी बोलले ते पहिलं वाक्य होतं, "मिशी काडा."

नमस्कार नाही, चमत्कार नाही. सोलापूरच्या कापड मिलच्या ऑफिसात रुजू होऊन मला जेमतेम तीन तास झाले होते. नाव विचारायच्या आधी हा माणूस माझ्या नाकाखाली बोट दाखवून उभा.

ती मिशी साधी नव्हती. मी मंगळवेढ्याच्या बाजूचा. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. बहात्तरच्या दुष्काळात वडील सरकारी कामावर खडी फोडत होते आणि सुकडी खात होते, तेव्हा मी सोलापुरात खोली घेऊन बी.ए.चं शेवटचं वर्ष करत होतो. पुढं नोकरीचा कागद आला. वडिलांनी तो आधी उलटा धरला, मग सुलटा धरला, कपाळाला लावला आणि म्हणाले, "आता मिशी ठेव. सायबाला मिशी पायजे." म्हणून ठेवलेली ती मिशी. चांगली दाट आली होती आणि वरच्या ओठावरून खाली उतरायला लागली होती.

"का काढू?" मी विचारलं.

"तोंड दिसत न्हाय."

एवढं बोलून अप्पा निघून गेले. मी शेजारच्या कारकुनाकडं बघितलं. तो म्हणाला, "मनावर घेऊ नका. ते सगळ्यांनाच सांगतात." त्याची हनुवटी, गाल आणि वरचा ओठ, तिन्ही गुळगुळीत होते.

अप्पा साचे खात्यातले जॉबर. साचा म्हणजे माग, आणि जॉबर म्हणजे साचेवाल्यांवरचा माणूस. साचा बिघडला की तो दुरुस्त करायचा, कामगार बिघडला की त्यालाही दुरुस्त करायचा. उंची बेताची, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, डोक्यावर पांढरी टोपी आणि खाली खाकी अर्धी चड्डी. धोतर ते फक्त लग्नाकार्यात नेसत; मिलमध्ये धोतराचा सोगा यंत्राच्या पट्ट्यात जातो आणि मागोमाग माणूस जातो, असं त्यांचं म्हणणं. सदऱ्याच्या खिशात सूत कापायची छोटी कात्री. ती सुतापेक्षा मिशांवर जास्त चालते, असं खात्यातले लोक म्हणत.

साचे खात्यात मी पहिल्यांदा गेलो तो दिवस मला आठवतो. शेकडो साचे एका छताखाली. आवाज कानात शिरत नाही, तो पायातून वर चढतो आणि दाढांत येऊन बसतो. मी शेजारच्या माणसाला ओरडून काहीतरी विचारलं. त्यानं माझ्याकडं, खेड्यातून आलेल्या पाहुण्याकडं बघावं तसं बघितलं. तिथं कुणी ओरडत नाही. आवाजच काढत नाहीत. नुसते ओठ हलवायचे. समोरचा ते वाचतो. तीन-चार साच्यांपलीकडचा माणूसही वाचतो. दोन दिवसांनी मला कळलं की तिथं भांडणंसुद्धा बिनआवाजी होतात. एक जण दुसऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत असतो आणि तिसरा लांबून तो वाचून हसत असतो.

मराठी, तेलुगू, कानडी, दखनी, सगळ्या भाषा तिथं ओठांवर. अप्पांना चारही वाचता येत. त्यांचं त्यावर मतही होतं.

"तेलगू मानूस वाचायला सोपा. ओठ मोकळं सोडतोय. कानडी आमची घरचीच. मराठी मानूस मातर दातातल्या दातात बोलतंय. आन त्यात मिशी आसली, तर मग झालंच की."

तेव्हा मिशीवरचा राग मला कळला. म्हटलं, कामाची गरज आहे. पण गंमत अशी, की अप्पांचा हा कायदा खात्याच्या दारात थांबत नसे. तो कँटीनमध्ये चाले, गेटवर चाले, पानपट्टीवर चाले. कुणी तोंडात तंबाखूचा बार धरून बोलायला लागला, की अप्पा हातानं खूण करत, आधी थुंक, मग बोल. चहाचा कप तोंडापुढं धरून कुणी बोललं, तर कपाला बोट लावून तो खाली करत. दोघंजण बोलत उभे असले, की अप्पा त्यांच्याभोवती अर्धा फेरा मारून अशा जागी उभे राहात, की दोघांची तोंडं दिसावीत. पाठ करून बोलणाऱ्याशी तर ते बोलतच नसत. "तोंड दाकवून बोला," हे त्यांचं वाक्य दिवसातून पन्नास वेळा ऐकू येई. कँटीनमध्ये त्यांची जागा ठरलेली, भिंतीला पाठ, कोपऱ्यात. तिथं दुसरा कुणी बसला, तर अप्पा उभ्यानं चहा पीत.

रसूलभाई म्हणून एक जुने साचेवाले होते. त्यांना छातीपर्यंत दाढी होती, पण मिशी साफ काढलेली. अप्पा नव्या माणसाला त्यांच्यापुढं उभं करून दाखवत. "हे बघ. दाडी ठेव. गुडघ्यापत्तर ठेव. पर ओठावर कायबी नगं. रसूलभाईची दाडी पास हाय."

यल्लप्पा नावाचा साचेवाला एकदा लग्नाला म्हणून अक्कलकोटकडं गेला आणि पिळदार मिशी घेऊन परत आला. अप्पांनी त्याच्याशी बोलणं बंद केलं. साचा बिघडला की गुपचूप दुरुस्त करून देत. पण यल्लप्पा तोंड उघडायला लागला की मान फिरवत. आठ दिवसांनी यल्लप्पा ओठ साफ करून आला. अप्पांनी त्याला बाकावर बसवलं, स्वतः समोर बसले आणि म्हणाले, "हां. आता बोल. आट दिवसाचं समदं बोल."

ऑफिसमध्ये मिल काढणाऱ्या शेटजींचं तैलचित्र होतं. शेटजींच्या मिशा गालावर जाऊन कानाला भेटत होत्या. पगाराच्या दिवशी अप्पा त्या चित्रापुढं थांबत, मान हलवत आणि म्हणत, "या मानसानं येवडी मिल काडली. पर कुनाला काय सांगितलं आसंल, ते सिद्धरामालाच ठावं."

आणखी दोन खोडी सांगतो. अप्पा भोंग्याच्या आधी तासभर गेटवर हजर. सगळं सोलापूर भोंग्यावर उठतं, अप्पांना भोंग्याचा भरवसाच नाही. आणि सुट्टी त्यांना आवडत नसे. संक्रांतीला सिद्धरामाच्या गड्ड्याच्या यात्रेत सगळी मिल सुट्टी मागे, अप्पा देवाला हात जोडून सरळ गेटवर येत आणि वॉचमनला विचारत, "आत काय रिपेरी न्हाय का?" माणसाला संसार नको झाला की असं होतं, असं मी मनाशी ठरवून टाकलं. बी.ए.ला मला मानसशास्त्राचा एक पेपर होता.

त्या वर्षी खात्यात अपघात बरेच झाले. धोटा, म्हणजे सूत घेऊन साच्यात इकडून तिकडं धावणारा लाकडी तुकडा, उडून एकाच्या भुवईला लागला, दोघांची बोटं गेली. तपासणीला आलेल्या सरकारी साहेबानं कडक शेरा मारला. मग मॅनेजर साहेबांनी ठरवलं, की जॉबरनं यापुढं नुसता हुकूम सोडायचा नाही, शिव्या द्यायच्या नाहीत. त्यानं कामगाराला सुरक्षितपणे काम करायला शिकवायचं. आणि शिकवायचं कसं, ते आधी जॉबरनं शिकायचं. बारा जॉबरांचा वर्ग. शिकवायला मुंबईहून गुप्ते नावाचे साहेब. वर्गाची व्यवस्था बघायला मी. शेवटी प्रत्येक जॉबरनं खात्यात जाऊन एक धडा देऊन दाखवायचा. नापास झाला, तर त्याची बदली तयार कापडाच्या गोडाऊनमध्ये.

ही शिक्षा ऐकून बाकीच्यांना आनंदच झाला. गोडाऊनमध्ये पंखा होता, स्टूल होतं, पगार तोच आणि गठ्ठे मोजायला हाताखाली माणसं. एक जाडा जॉबर तर उघड म्हणाला, "मी कोराच कागद देणार बघा. धा वर्सं झाली, बूड टेकलं न्हाय."

एकट्या अप्पांचा चेहरा उतरला. त्यांनी मला बाजूला घेतलं. "बीए सायेब, मला पास व्हायला पायजे. गोडाऊनला मी जानार न्हाय."

"तुम्ही नाही पास होणार तर कोण होणार?" मी म्हणालो. खरंच वाटत होतं. अप्पांच्या हाताखालच्या साच्यांवर अपघात सगळ्यात कमी होते. तसं मी गुप्त्यांना पत्रातून आधीच कळवून ठेवलं होतं.

मग गुप्ते साहेब आले. आणि त्यांना मिशी होती.

नुसती मिशी म्हणणं बरोबर नाही. खराटा उलटा टांगावा तशी ती तोंडावर लोंबत होती. त्यांचा खालचा ओठसुद्धा दुपारी चहा पितानाच काय तो दिसे. शिवाय त्यांना फळ्यावर लिहिता लिहिता बोलायची सवय. पाठ वर्गाकडं, तोंड फळ्याकडं, मध्ये मिशी.

पहिल्या दिवशी अप्पा पहिल्या बाकावर बसले. थोड्या वेळानं उठले, फळ्याजवळ गेले आणि गुप्ते आणि फळा यांच्यामध्ये मान घालून उभे राहिले.

गुप्ते दचकले. "काय हवंय?"

"तुमी."

वर्ग हसला. गुप्त्यांनी त्यांना जागेवर बसवलं. तिसऱ्या दिवशी अप्पांचा धीर सुटला. ते उभे राहिले, टोपी काढली, पुन्हा घातली आणि फार अदबीनं म्हणाले, "सायेब, राग मानू नगा. मिशी काडा. ज्ञान आतच आडकतंय."

बाकं वाजली. जाडा जॉबर बाकाखाली गेला तो वर येईना. गुप्त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मी नंतर ते बघितलं. लिहिलं होतं, "उद्धट. शिकण्याची वृत्ती नाही."

तोंडी परीक्षेत तर कहर झाला. गुप्ते वर्गाच्या मागच्या बाजूला येरझाऱ्या घालत एकेकाला नाव घेऊन प्रश्न विचारत होते. अप्पांचं नाव आलं. अप्पा समोर बघत बसलेले. पुन्हा नाव, पुन्हा प्रश्न. अप्पा हलेनात. शेजाऱ्यानं कोपर मारलं तेव्हा ते उभे राहिले आणि समोरच्या कोऱ्या फळ्याकडं बघत तसेच उभे राहिले. गुप्त्यांनी शून्य दिलं.

मला ते लागलं. शिफारस माझी होती. दुपारी मी कँटीनमध्ये त्यांच्या कोपऱ्यात जाऊन समोर बसलो. अप्पा पुढं झुकून माझ्या तोंडाकडं टक लावून बघू लागले.

"अप्पा, तुम्ही एक शब्द बोलला नाहीत."

"मला कुनी इचारलंच न्हाय."

"दोनदा विचारलं. मी तिथंच होतो."

"तोंडावर इचारलं का?"

मला राग आला. शिकलेल्या माणसाला येतो तसा, कारणासकट आलेला राग. "अप्पा, हा हट्ट पुरे. मुंबईचा साहेब तुमच्यासाठी मिशी काढणार नाही. धडा देताना असं केलंत, तर गोडाऊनला जाल."

"तितं न्हाय जायचं."

"का पण? सावलीचं काम आहे. शांत जागा आहे."

"तेच की," अप्पा म्हणाले. "लई शांत हाय तितं. शांत जागंत मानूस येकटं पडतंय."

मी मनात म्हटलं, भस्म लावणारी माणसं मधूनच असं काहीतरी बोलतात.

धड्याचा दिवस आला. अप्पांनी विषय निवडला होता, धोट्यात सूत ओवायचा. धोट्याला बाजूला एक बारीक भोक असतं. नवी कांडी भरली, की तिचं सूत त्या भोकातून बाहेर काढावं लागतं. जुन्या साचेवाल्यांची रीत म्हणजे भोकाला तोंड लावायचं आणि सूत चोखून ओढायचं. एका क्षणात काम होतं. पण त्याबरोबर कापसाची भुकटीही छातीत जाते, आणि तोच धोटा पुढच्या पाळीतला माणूस तोंडाला लावतो. एकाचा खोकला दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला. अप्पांनी तारेचा एक आकडा केला होता. तो भोकातून घालायचा आणि सूत ओढून घ्यायचं. चोखण्यापेक्षा किंचित वेळ जास्त लागतो, म्हणून लोकांना तो नको असे. अप्पांचं त्यावर एकच म्हणणं, "तोंड बोलायसाटी हाय. सूत वडायला न्हाय."

साचे चालू होते. अप्पा मध्ये उभे, त्यांच्या समोर साच्यांपलीकडं यल्लप्पा, रसूलभाई आणि आणखी पाच-सहा जण. अप्पांच्या मागं गुप्ते आणि मॅनेजर साहेब. मी वही घेऊन गुप्त्यांच्या बाजूला, जरा पुढं, जिथून दोन्हीकडचे चेहरे दिसत होते.

अकलूजच्या साखर कारखान्यातून आलेला शंकर नावाचा चाळिशीचा एक नवा कामगार होता. अप्पांनी त्याला बोलावलं. धोटा हातात घेतला आणि आकडा घालून सूत काढलं, अगदी सावकाश. एकदा, दोनदा, तीनदा. मग धोटा शंकरच्या हातात दिला. शंकरचा आकडा दोनदा घसरला. अप्पांनी हात लावला नाही, हसले नाहीत, नुसते थांबले. तिसऱ्यांदा सूत आलं. तेव्हा अप्पांनी शेजारच्या कामगाराकडं बोट दाखवलं आणि ओठ हलवले. मी वाचले, कारण तोवर मला थोडं जमायला लागलं होतं. "आता ह्याला शिकीव. त्यानं शिकलं, तर तू शिकलास."

गुप्ते माझ्या कानात ओरडले, "हा माणूस बोलतोय का?"

"खूप बोलतोय," मी ओरडलो.

आणि पॉवर गेली.

त्या वर्षी ती वरचेवर जायची. साचे एकेक करत मंदावले आणि थांबले. अशा वेळी खात्यात जी शांतता होते, ती सवय नसलेल्या माणसाला घाबरवते. कानात नुसती शिट्टी वाजत राहते. गुप्ते मात्र खूश झाले. आता प्रश्न विचारता येणार होते. जागा न सोडता ते अप्पांच्या पाठीमागून म्हणाले, "मिस्त्री, समजा एवढं शिकवूनही कामगारानं आकडा वापरला नाही, तर तुम्ही काय कराल?"

अप्पा वळले नाहीत.

म्हटलं, घातला घोळ. तेवढ्यात माझी नजर समोर गेली. यल्लप्पा अप्पांकडं सरळ बघत होता आणि त्याचे ओठ हलत होते. आवाज नाही. गुप्त्यांचा प्रश्न, शब्दाला शब्द.

अप्पांनी समोर बघतच उत्तर दिलं, जरा जास्तच मोठ्यानं, साचे चालू असल्यासारखं. "त्याला इचारीन, बाबा, का वापरत न्हाईस? आकडा बोथट हाय का? हात दुकतोय का? आंदी त्याचं आयकून घीन. मग सांगीन."

गुप्त्यांनी मान डोलावली. "आणि तरीही ऐकलं नाही तर?"

या वेळी रसूलभाईंचे ओठ हलले. दाढीवरचे ते साफ, मोकळे ओठ.

"मग मी त्याच्या शेजारी हुबा ऱ्हाईन. शिव्या न्हाय द्यायच्या. नुसतं हुबं ऱ्हायचं. धा येळा आकड्यानं केलं, की हात आपसूक शिकतोय."

तिसरा प्रश्न शंकरनं सांगितला, अडखळत. चौथा पुन्हा यल्लप्पानं. कुणी कुणाला खूण करत नव्हतं, कुणी घाईत नव्हतं. शंकर सोडला तर बाकीच्यांची ही जुनी सवय असावी. मी वही धरून उभा होतो. माझ्या डोक्यात कँटीनचा कोपरा, तो अर्धा फेरा, चहाचा कप, भोंग्याआधीचा तास, सगळं एकापाठोपाठ जागेवर येऊन बसत होतं. खात्यात शेकडो माणसं होती आणि बहुतेक सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते ऑफिसला. म्हणजे मला.

गुप्ते वैतागले. "अहो, वळून बोला की माणसाकडं!"

समोरून पाच-सहा ओठ एकदम हलले. अप्पा वळले.

आता त्यांच्यासमोर गुप्त्यांची मिशी होती. यल्लप्पा, रसूलभाई, सगळे पाठीमागं गेले. गुप्त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला. अप्पा त्या खराट्याकडं बघत राहिले. मला त्यांच्या कपाळावरचं भस्म घामानं ओघळताना दिसलं. गुप्त्यांनी वहीवर पेन्सिल टेकवली. यल्लप्पा साच्याला वळसा घालून पुढं यायला निघाला होता, पण तो पोचणार नव्हता.

मी गुप्त्यांच्या शेजारीच होतो. विचार करायला वेळ नव्हता. मी अंगठा आणि तर्जनी नाकाखाली धरली, माझी मिशी दोन बाजूंनी वर उचलली आणि बिनआवाजी बोललो, "एवढं करून अपघात झालाच, तर काय कराल?"

अप्पांची नजर माझ्याकडं आली. ओठांवर थांबली.

"आंदी त्याला दवाखान्यात नीन," अप्पा गुप्त्यांकडं बघून गरजले. "मग ऱ्हायलेल्या समद्यांना पुन्यांदा शिकवीन. चूक कुनाची, ते सायेब लोक ठरवतील. त्यांना येळ आसतोय."

मॅनेजर साहेब हसले, म्हणून गुप्तेही हसले. मग मॅनेजर साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी अजून मिशी धरूनच उभा होतो. "तुम्हाला काय झालं?"

"खाज," मी म्हणालो.

अप्पा पास झाले. गुप्त्यांच्या तक्त्यात ज्ञान, पद्धत आणि आवाज असे तीन रकाने होते. ज्ञानात बरे, पद्धतीत उत्तम. आवाजाच्या रकान्यात पैकीच्या पैकी आणि पुढं शेरा, "खणखणीत." खाली लिहिलं होतं, "स्वभाव ताठ. बोलताना मान वळवत नाही."

त्या संध्याकाळी मी रसूलभाईंना गेटवर गाठलं.

"किती वर्षं झाली?"

"कायकू पूछते साब?" ते म्हणाले. "थोडा थोडा तो सबका गया. अप्पा का पूरा गया. ऑफिस में बोले तो गोडाऊन. और गोडाऊन में उनके सामने कौन मुं करेगा?"

मी ऑफिसात येऊन अपघाताचं रजिस्टर उघडलं. ते भरायचं काम माझंच होतं. बोट, हात, पाय, डोळा, डोकं असे रकाने होते. कानाचा रकाना नव्हता. बोट तुटून पडतं, त्याची तारीख लिहिता येते. कान एका दिवशी जात नाही आणि जमिनीवरही पडत नाही. मी रजिस्टर मिटलं. अप्पांबद्दल मी काही लिहिलं नाही. मला कुणी विचारलं नव्हतं. तोंडावर तर नाहीच.

प्रमाणपत्रं सह्या होऊन आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मिलला सुट्टी होती. अप्पांचं प्रमाणपत्र घेऊन मी सकाळी त्यांच्या चाळीकडं निघालो. वाटेत न्हाव्याच्या दुकानात बसलो. न्हाव्यानं दोनदा विचारलं, "सगळी?" मी म्हणालो, सगळी. वडिलांना पुढच्या खेपेला सांगितलं, की साहेब लोकांत आता मिशीची पद्धत नाही. त्यांना ते पटलं नाही.

अप्पा ओट्यावर बसले होते. शेजारी चार माणसं गप्पा मारत होती, एकमेकांकडं तोंडं करून. एक जण काही बोलला, बाकीचे हसले. अप्पाही हसले, सगळ्यांच्या थोडं नंतर. आतून सुनेनं हाक मारून काही विचारलं, पुन्हा विचारलं. मग ती बाहेर आली, चहाचा कप त्यांच्यापुढं ठेवला आणि आत गेली. रागावली नव्हती. सवयीनं गेली. खात्यात चार भाषांत बोलणारा माणूस तिथं तो कप हातात धरून बसला होता.

मी त्यांच्या समोर जाऊन उकिडवा बसलो आणि खात्यातल्यासारखा, आवाज न काढता म्हणालो, "अप्पा, पास झालात. खातं सुटत नाही."

त्यांनी कागदाकडं बघितलंच नाही. माझ्या वरच्या ओठाकडं बघितलं, बराच वेळ. मग त्यांचेही ओठ हलले. "आता कसं. तोंड दिसाय लागलं."

आणि मग ते बोलत सुटले. बिनआवाजी, भराभर, कानडी आणि मराठी एकमेकांत मिसळून. मला निम्मंच वाचता आलं. बायकोही मिलमध्येच, रिळाच्या खात्यात होती, तिलाही ही भाषा येत होती, चुलीशी बसून ती पोळ्या लाटता लाटता तोंड वर करून बोलायची. ती गेली तेव्हापासून घरात कुणी तोंड करून बोलत नाही. "त्येंची चूक न्हाय. कामं आसत्यात." शेजारचे चौघं गप्पा थांबवून आमच्याकडं बघत होते. दोन मोठी माणसं समोरासमोर बसून नुसते ओठ हलवत होती.

चहा झाला. आणखी एक झाला. मला खोलीवर जाऊन कपडे धुवायचे होते. मी उठलो आणि म्हणालो, "येतो अप्पा. उद्या भेटूच."

अप्पांनी माझं मनगट धरलं. सकाळचे साडेदहा वाजले होते.

"बसा की," ते म्हणाले. "भोंग्याला लई येळ हाय आजून."